‘फ्लाइंग कलर्स’ म्हणजे उडते रंग नव्हेत

मुलगा चांगल्या गुणांनी परीक्षा उतरला, की इंग्रजी जाणणारे म्हणतात, ‘ही पास्ड विथ फ्लाइंग कलर्स.’ आता राणीसावरगावच्या एखाद्या विद्यार्थ्याने शब्दकोश घेऊन याचा अर्थ लावायचा म्हटला, तर काय होईल? फ्लाइंग म्हणजे उडणारे, कलर्स म्हणजे रंग. तो लिहील, ‘तो उडत्या रंगांनी पास झाला.’ आपल्याला हसू येईल. पण त्याला दोष देता येत नाही. शब्द त्याला कळले, त्यांच्यामागचा व्यवहार कोणी सांगितला नाही.

इथे कलर्स म्हणजे निशाण. जहाजाच्या किंवा पलटणीच्या झेंड्याला इंग्रजीत कलर्स म्हणतात. आणि झेंडा ‘फ्लाय’ होतो, म्हणजे फडकतो. जुन्या आरमारी लढाईत जहाजाने निशाण उतरवले, की ते शरण आले असे समजत. निशाण फडकत ठेवून जे परत आले, ते हरलेले नाही, हे लांबूनच ओळखू येई. प्रथम या बोलण्याचा अर्थ ‘हार न खाता निभावून आला’ एवढाच होता. घवघवीत यशाचा अर्थ मागाहून आला.

आपल्याकडे असे बोलणे नाही का? आहे तर! ‘अटकेपार झेंडे लावले,’ असे आपण म्हणतोच. १७५८ साली रघुनाथरावांच्या मोहिमेत मराठी फौजा लाहोर घेऊन सिंधूकाठच्या अटकेपर्यंत पोचल्या, त्याची ती आठवण.

आणि झेंडा उंच धरायला काय किंमत पडते, हे आपल्या भागाला वेगळे सांगायला नको. १९४७ साली परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथे तिरंग्याला बंदी होती. १५ ऑगस्टला स्वामी रामानंद तीर्थांनी हैदराबादेत तो फडकवला आणि त्यांना तुरुंगात जावे लागले. संस्थान मुक्त व्हायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला.

तेव्हा शिक्षकबंधुभगिनींनो, वर्गात हा वाक्प्रचार आला, तर आधी फळ्यावर एक जहाज काढा, त्यावर निशाण काढा, आणि ते उतरवले तर काय, हे मुलांनाच विचारा. मग मराठीत ‘घवघवीत यश मिळवून पास झाला’ एवढे लिहायला सांगा. ते मुलांच्या कायमचे ध्यानात राहील.