दुसऱ्यांच्या मालावर उभे राहिलेले बंदर

सिंगापूरच्या धक्क्यावर उतरणाऱ्या बहुतेक कंटेनरांना सिंगापूरशी काही देणेघेणे नसते. व्हिएतनाममध्ये शिवलेले कपडे, थायलंडचे रबर, जपानी यंत्रांचे भाग एका जहाजातून उतरतात, यार्डात मुक्काम करतात आणि दुसऱ्या जहाजावर चढून पुढे जातात. याला ट्रान्सशिपमेंट म्हणतात, आणि या कामात सिंगापूर जगात पहिले आहे. वीस फुटी कंटेनराच्या मापाने 2024 साली या बंदराने 4 कोटी 11 लाख कंटेनर हाताळले. आपल्या न्हावा शेव्याचा 2024-25 चा आकडा 73 लाखांच्या आसपास आहे.

आशिया-पॅसिफिक देशांच्या आर्थिक सहकार्याचा विषय निघाला की परिषदांची आणि करारांची नावे पुढे येतात. 1989 साली कॅनबेरात बारा सदस्यांनी सुरू केलेली 'अपेक', आज तिचे एकवीस सदस्य आहेत. 1 जानेवारी 2022 पासून अमलात आलेला पंधरा देशांचा 'आरसेप', ज्याच्या वाटाघाटींतून भारत 2019 मध्ये बाहेर पडला. या करारांनी जकात कमी होते, हे खरेच. पण माल प्रत्यक्ष कसा हलतो हे पाहायचे असेल, तर धक्क्यावर उभे राहून कंटेनराच्या खालच्या कोपऱ्याकडे पाहावे.

त्या कोपऱ्यात लंबगोल भोक असलेला पोलादी ठोकळा असतो. भोकात एक कुलूप बसते, ट्विस्टलॉक. त्याचे निमुळते डोके आत शिरते, नव्वद अंशात फिरते आणि खालचा-वरचा कंटेनर एकमेकांना जखडले जातात. कुलूप पाच-सहा किलोचे, हातात मावणारे. जहाजाच्या डेकवर एकावर एक रचलेले डबे भर समुद्रात हेलकावे खाऊनही जागचे हलत नाहीत, ते या कुलपांच्या आणि आडव्यातिडव्या ताणलेल्या लोखंडी सळ्यांच्या जोरावर. क्रेनने डबा उचलला की कुलपे त्याच्या तळाला लटकत येतात. धक्क्यावर डबा कमरेच्या उंचीवर थांबतो, दोन्ही बाजूंनी कामगार पुढे होतात, चारही कुलपे काढून पेटीत टाकतात आणि बाजूला होतात. डबा गाडीवर बसतो तोवर क्रेन पुढच्या डब्यासाठी परतलेली असते. चढवताना हेच उलटे. समोर लटकणारा कित्येक टनांचा डबा, पायाखाली पावसाने ओला झालेला धक्का, आणि घाई कायमची. बंदरातल्या सर्वांत साध्या दिसणाऱ्या आणि सर्वांत धोक्याच्या कामांपैकी हे एक.

या कुलपाची जडणघडण कीथ टँटलिंगर या अमेरिकी अभियंत्याची. जहाज कंपनीचे मालक माल्कम मॅक्लीन यांच्या 'आयडियल एक्स' जहाजाने 1956 च्या एप्रिलमध्ये 58 कंटेनर नेवार्कहून ह्यूस्टनला नेले, तेव्हा टँटलिंगर मॅक्लीन यांच्याकडे कामाला होते. पण कुलूप एका कंपनीच्या मालकीचे राहिले असते तर प्रत्येक देशाने आपले वेगळे काढले असते. 1963 मध्ये मॅक्लीन यांच्या कंपनीने त्या पेटंटवरचा हक्क सोडला. पुढे वर्षानुवर्षे वाद घालून देशांनी कोपऱ्याच्या ठोकळ्याचे एकच माप ठरवले. शांघायची क्रेन आज पेरूहून आलेला डबा न विचारता उचलते. आर्थिक सहकार्याचे इतके टिकाऊ उदाहरण शोधून सापडणार नाही.

कंटेनरांचे महत्त्व सिंगापूरने लवकर ओळखले. 1968 मध्ये ब्रिटनने आपले लष्करी तळ हलवण्याची घोषणा केली आणि नव्या राष्ट्रापुढे बेकारीचे संकट उभे राहिले. कंटेनरांची जहाजे नियमित येतील याची हमी कुणी दिलेली नसताना जागतिक बँकेचे कर्ज काढून तांजोंग पागारला टर्मिनल बांधले गेले. 23 जून 1972 रोजी रॉटरडॅमहून 'निहोन' हे पहिले कंटेनर जहाज तिथे लागले.

कागदांच्या बाबतीतही हीच जिद्द. एका खेपेसाठी वेगवेगळ्या खात्यांचे पस्तीसपर्यंत कागद लागायचे आणि मंजुरीला दोन ते चार दिवस जायचे. 1 जानेवारी 1989 रोजी 'ट्रेडनेट' सुरू झाले. संगणकावर एकच अर्ज, आणि मंजुरी काही मिनिटांत.

तरीही दुसऱ्याच्या मालावर चालणारे बंदर निश्चिंत राहू शकत नाही. तो माल उद्या कुठेही उतरू शकतो. 2000 साली मर्स्क कंपनीने आपला कारभार खाडीपलीकडे, मलेशियाच्या तांजुंग पेलेपास बंदरात नेला. दोन वर्षांनी एव्हरग्रीन गेली. बंदराची उलाढाल 2000 मधल्या 1 कोटी 70 लाखांवरून 2001 मध्ये 1 कोटी 55 लाखांवर आली. मंदीचाही त्यात वाटा होता, पण धडा विसरण्यासारखा नव्हता. 2024 मध्ये संकट उलट्या दिशेने आले. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, वेळापत्रके कोलमडली आणि एकदम आलेल्या जहाजांना धक्क्यासाठी दोन-तीन दिवस ताटकळावे लागले. बंदरातल्याच केपेल टर्मिनलचे बंद केलेले जुने धक्के पुन्हा उघडावे लागले.

सिंगापूरचे उत्तर आहे तुआस. 2022 मध्ये औपचारिक उद्घाटन झालेले हे बंदर 2040 च्या दशकात पूर्ण होईल, तेव्हा वर्षाला साडेसहा कोटी कंटेनर हाताळेल. तिथे यार्डातल्या गाड्या चालकाविना, जमिनीत पुरलेल्या खुणा वाचत धावतात. जहाजावर चढून सळ्या सोडण्याचे काम मात्र अजून माणसांच्याच हातात आहे.

महाराष्ट्राला हे दूरचे वाटू नये. न्हावा शेव्याचे एक टर्मिनल सिंगापूरची पीएसए कंपनीच चालवते. भारताच्या ट्रान्सशिपमेंट मालापैकी सुमारे तीन चतुर्थांश माल परदेशी बंदरांत, मुख्यतः कोलंबो, सिंगापूर आणि क्लांगला जहाज बदलतो. तो परत आणण्यासाठी केरळात विळिंजम उभे राहिले आणि पालघर जिल्ह्यात सुमारे 76 हजार कोटींच्या वाढवण बंदराची 2024 मध्ये पायाभरणी झाली. किनाऱ्यावरचे मच्छीमार आपले मासेमारीचे पाणी जाईल म्हणून त्याला विरोध करत आले आहेत. त्यांना लाखो रोजगारांचे आश्वासन दिले जाते. तुआसच्या गाड्यांना चालक नाही, हे लक्षात घेता डहाणू-पालघरच्या तरुणांना नेमके कोणते काम, किती आणि कोणत्या शिक्षणावर मिळणार, याची यादी सरकारने वाढवणची पहिली क्रेन उभी राहण्याआधी जाहीर करावी.