कुंडीत जगले, कड्यावर काय?

शिवनेरीच्या उभ्या कड्यांवर वाढणारी शिंदळ माकुडी, म्हणजेच शिवसुमन, चाकणच्या कारखान्यांपासून जेमतेम साठेक किलोमीटरवर राहते. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1860च्या दशकात जुन्नरच्या डोंगरांतून तिची नोंद केली आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिचे ‘फ्रेरिया इंडिका’ असे नामकरण झाले. जगात ती फक्त महाराष्ट्रात आढळते, तीही शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणी. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संघटनेने एके काळी तिला पृथ्वीवरच्या सर्वाधिक संकटग्रस्त बारा वनस्पतींत गणले होते. गंमत अशी की हीच वनस्पती कुंडीत फारशी कुरकुर न करता वाढते. खोडाचा तुकडा वाळूमिश्रित मातीत खोचला, पाणी बेताने दिले की मुळे फुटतात. परदेशातल्या निवडुंगप्रेमींच्या काचघरांत ती कित्येक वर्षे नांदते आहे. मग प्रश्न पडतो, रोपवाटिकेत हवी तेवढी रोपे होत असतील तर कड्याची काळजी कशाला करायची?

करायची, कारण तिचा दुर्मीळपणा रोपांच्या संख्येत नाही, जागेत आहे. पावसाळ्यात तिला पाने येतात, उन्हाळ्यात ती झडून नुसते मांसल खोड उरते. तिचे बहुतेक नातलग जवळपास बिनपानांचे असल्यामुळे उत्क्रांतीच्या अभ्यासकांना ती मोलाची वाटते. तिच्या तांबड्या-जांभळ्या, चांदणीच्या आकाराच्या फुलांवर माश्या येतात. परागकण सुटे नसतात, पुंजक्यांनी बांधलेले असतात, आणि तो पुंजका माशीने दुसऱ्या फुलात नेमका अडकवावा लागतो. त्यातून शेंग धरली तर रुईसारखे म्हातारीचे केस लागलेले बी वाऱ्यावर निघते आणि चिमूटभर माती असलेल्या खडकाच्या फटीत पडले, तरच रुजते. ही सगळी साखळी कड्यावर घडते. कुंडीत यातले काहीच घडावे लागत नाही. शिवाय तुकड्यापासून केलेली शंभर रोपे जनुकांच्या हिशेबात एकच रोप असतात. एखादी बुरशी त्यातल्या एकाला मारू शकली, तर उरलेल्या नव्व्याण्णवांनाही मारू शकते. कड्यावर बियांपासून आलेली दहा झाडे या दृष्टीने अधिक श्रीमंत.

याचा अर्थ रोपवाटिका निरुपयोगी, असा मात्र नाही. काही निसर्गप्रेमी म्हणतात की दुर्मीळ झाड विकायला ठेवले की हाव वाढते आणि लोक डोंगर ओरबाडायला निघतात. भीती खोटी नाही. भारताने निर्यातीला मनाई केलेल्या वनस्पतींच्या यादीत शिंदळ माकुडी आणि तिच्याच कुळातल्या कंदीलपुष्पाच्या जाती आहेत, त्या उगाच नाहीत. पण झाड कुठेच विकत मिळत नसेल, तर संग्राहकाची नजर थेट कड्यावर जाते. रोपवाटिकेत वाढवलेले रोप सहज मिळाले, तर ती ओढ कमी होते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतली दुर्मीळ कंदीलपुष्पे बागेत वाढवून दाखवली. या बागेचे बळ त्यामागच्या नोंदींत आहे: कोणते झाड कोणत्या डोंगरावरचे, हे तिथे ठाऊक असते. बाजारातल्या रोपाला ही ओळख नसते. सज्जनगडची फांदी की शिवनेरीची, हेच माहीत नसलेले रोप बाल्कनीची शोभा वाढवील, मूळ जागी परत लावायला मात्र ते कुचकामी.

‘संरक्षित क्षेत्रे आहेत की!’ हा आणखी एक आक्षेप. आहेत. राजगुरुनगरहून पश्चिमेला गेले की भीमाशंकर अभयारण्य लागते. 1985 साली ते जाहीर झाले ते प्रामुख्याने शेकरूसाठी, आणि शेकरूला लागते दाट झाडी. उघडे कडे आणि सडे ही मात्र आपल्या लेखी पडीक जमीन. वणवा लागला तरी फार कोणी धावत नाही. शिवनेरी राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहे, पण ते संरक्षण इतिहासाला, म्हणजे दगडाला. तटबंदीवर उगवलेले हिरवे काढून टाकणे ही स्मारकाच्या दृष्टीने चोख देखभालच ठरते! त्या हिरव्यात नेमके काय आहे, हे आधी वनस्पतीतज्ज्ञाने पाहावे, एवढी साधी अट घालायला नवा कायदा लागणार नाही. हवामान बदलते आहे, कडे आज ना उद्या तापून कोरडे पडतील, मग कुंडीच शेवटचा आसरा, असे म्हणणाऱ्यांनाही उत्तर हेच: आसरा हवाच, पण जिथून झाड आणले ती जागा शिल्लक असेल तरच परतण्याला अर्थ.

पिंपरी-चिंचवडच्या गच्च्यांवर निवडुंग आणि मांसल झाडांचा शौक असलेल्यांनी म्हणून एक करावे. पुढचे दुर्मीळ रोप घेताना किमतीच्या आधी विचारावे, मातृरोप कुठले, आणि उत्तर मिळाले तर ते कुंडीच्या पाटीवर लिहून ठेवावे. उत्तर ‘डोंगरावरून आणलंय’ असे आले, तर रोप तिथेच ठेवून यावे.