कूटलेखनाचे साधन आणि वर्णमालेची निवड

कूटलेखनाच्या संगणकीय साधनात वर्ण पुढे सरकविणे ही क्रिया सोपी वाटते. परंतु तिचा आधार वर्णक्रम हाच असतो. सीझरच्या पद्धतीत प्रत्येक वर्णाऐवजी त्यापुढील तिसरा वर्ण येतो. युनिकोडच्या क्रमांकांवरून हीच रीत देवनागरीला लावल्यास ‘मन’चे ‘ऱफ’ होते, कारण त्या क्रमात ‘ऩ’ व ‘ऱ’ यांना स्वतंत्र स्थाने आहेत. ‘ह’च्या जागी तर वर्ण न येता नुक्ता येतो. ‘क’ ते ‘ळ’ ही ३४ व्यंजनांची चक्राकार माला आधीच नेमून दिल्यास ‘मन’चे ‘लब’ आणि ‘ह’चा ‘ख’ होतो. स्वरचिन्हेही अबाधित राहतात.

मात्र एकच माला पुरेशी नाही. हिब्रू परंपरेतील अतबश पद्धतीत २२ वर्णांचा क्रम उलटविला जातो. ‘कामसूत्रा’वरील ‘जयमंगला’ टीकेत आलेल्या मूलदेवीय पद्धतीत ख-ग, त-प, न-म अशा जोड्यांची अदलाबदल होते. तेथे ‘मन’चे ‘नम’ होते. म्हणून प्रत्येक परंपरेची माला वा जोड्या साधनात स्वतंत्रपणे नोंदविलेल्या असाव्यात. अन्यथा सकळ लिपीतील महानुभाव पोथ्यांसारख्या ग्रंथांचे लिप्यंतर करताना, चुकीच्या मालेतून निघालेले अक्षर पाठभेद म्हणून संहितेत शिरण्याचा धोका संभवतो.