तेल खाणारे जीवाणू आणि शुद्धीचा खर्च

पेट्रोल पंपाच्या जमिनीखालील टाकीला बारीक छिद्र पडले, तर त्याची वार्ता कोणाच्या कानी लवकर जात नाही. तेल थेंबाथेंबाने मातीत मुरते, भूजलापर्यंत पोचते आणि शेजारच्या विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागतो, तेव्हाच बोभाटा होतो. अशी माती खणून दुसरीकडे नेऊन टाकणे हा एक रूढ उपाय. त्याने विकार नाहीसा होत नाही. केवळ त्याची जागा बदलते.

या दृष्टीने जीवाणूंकरवी माती शुद्ध करण्याची पद्धत विचारार्ह ठरते. पेट्रोल, डिझेल, केरोसीन ही मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन यांची संयुगे. मातीतील अनेक जीवाणू त्यांचा अन्न म्हणून उपयोग करतात आणि त्यांचे पुष्कळसे रूपांतर अखेर कार्बन डायऑक्साइड व पाणी यांत होते. तेलाने माखलेल्या मातीत कार्बनची रेलचेल असते; उणीव असते ती नत्र, स्फुरद आणि प्राणवायू यांची. म्हणून माती उलथून मोकळी करणे, खत घालणे, ओल टिकविणे हीच या उपचाराची मुख्य अंगे होत. शेतकऱ्याला यात अपरिचित असे काहीच नाही.

या क्षेत्रात एका भारतीयाचे नाव अग्रभागी आहे. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत तेलातील अनेक घटक पचविणारा स्यूडोमोनास जीवाणू घडविला आणि १६ जून १९८० रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो पेटंटयोग्य ठरविला. मात्र हा जीवाणू तेलगळतीवर प्रत्यक्षात वापरला गेला नाही. १९८९ साली अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डीझ’ जहाजातील तेल सांडले, तेव्हा शंभराहून अधिक किलोमीटर किनाऱ्यावर खत टाकून मुळातल्याच जीवाणूंची वाढ करण्यात आली. भारतात टेरी संस्थेने पाच जीवाणूंचा ‘ऑइलझॅपर’ हा समूह तयार केला आणि त्याच्या वापरासाठी २००७ साली ओएनजीसीबरोबर संयुक्त कंपनी स्थापन झाली.

तथापि, या उपायाच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. शिसे किंवा अन्य जड धातू जीवाणू नष्ट करू शकत नाहीत. डांबरासारखे जड घटक फार सावकाश विघटित होतात. चिकणमातीच्या खोल थरांत प्राणवायू पोचत नाही; अलास्कातील काही किनाऱ्यांवर गोट्यांखालचे तेल वीस वर्षांनंतरही आढळत होते. उपचार स्वस्त असला तरी त्याला महिने, प्रसंगी वर्षे लागतात. तेवढा काळ जमीन पडीक राहते, विहीर बंद राहते. हा खर्च कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही. तो शेजाऱ्याच्या संसारात दिसतो.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने खरा प्रश्न येथेच आहे. प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी, हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील बिछडी प्रकरणात १९९६ साली स्पष्टपणे मांडले. परंतु शुद्धीकरणाच्या रकमेची वसुली रेंगाळली आणि २०११ साली न्यायालयाला ३७ कोटींहून अधिक रकमेवर १२ टक्के चक्रवाढ व्याज आकारावे लागले. निकाल आणि वसुली यांत एवढे अंतर पडले, तर तत्त्व कागदावरच राहते.

अमेरिकेने १९८६ साली निराळा मार्ग धरला. इंधनाच्या प्रत्येक गॅलनवर एका सेंटच्या दहाव्या भागाइतका कर बसवून गळक्या टाक्यांसाठी स्वतंत्र निधी उभारला आणि टाकीमालकांवर भरपाईची आर्थिक तरतूद आधीच करून ठेवण्याचे बंधन घातले. गळती झाल्यावर पैसा शोधण्यापेक्षा ती होण्यापूर्वी तो बाजूला काढणे, हेच यातील शहाणपण होय.

आपल्याकडे दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम २०२५ साली झाले, हे स्वागतार्ह आहे. त्यांच्या जोडीला अशा आगाऊ तरतुदीची सक्ती हवी. अन्यथा स्वस्त उपाय हाताशी आहे, या समजुतीने टाक्यांच्या देखभालीकडेच दुर्लक्ष होण्याचा धोका आहे. जीवाणू तेल पचवितील. माणसांची बेपर्वाई पचविणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे.