ओझ्याखाली बंद पडणारा जुना ट्रॅक्टर : पंप खोलण्याआधी काय बघावे?



या पानावर मी नेहमी बेणे, लागण, खोडवा, खत आणि हुमणी यांविषयी लिहितो. या वेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे. मी मेकॅनिक नव्हे, शेतकी पदविका घेतलेला माणूस. परंतु उसाच्या शिवारात इतकी वर्षे हिंडताना फडाच्या कडेला आणि चढाच्या मध्यावर बंद पडलेले ट्रॅक्टर पुष्कळ पाहिले. ते चालू करणाऱ्या जाणत्या मिस्त्र्यांच्या शेजारीही पुष्कळ वेळ उभा राहिलो. त्यातून जे ध्यानात आले ते आपल्यापुढे ठेवतो.

गेल्या हंगामातली गोष्ट. आपल्या एका सभासदाचा पस्तीस अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या भरून निघाला आणि कॅनॉलच्या पुलाच्या चढावर बंद पडला. दहा मिनिटांनी सेल मारला तर लगेच सुरू झाला. फर्लांगभर गेला आणि पुन्हा बंद. रिकामा असताना मात्र दिवसभर कुरकुर नाही. तालुक्याच्या गावी एका मेकॅनिकला दाखवला. त्याने न बघताच सांगितले, "पंप गेला. ओव्हरहॉल करावा लागेल." पंप उतरवला, दुरुस्त करून आणला, बिल हजारोंत झाले. पहिल्याच खेपेला ट्रॅक्टर त्याच चढावर पुन्हा थांबला.

या भानगडीत तोडलेला ऊस तीन दिवस ट्रॉलीत वाळला. टोळीतल्या माणसांचा दोन दिवसांचा रोज बुडाला. शेवटी गावातल्याच एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावले. त्याने पाना काढलाच नाही. टाकीकडे बघून विचारले, "आबा, टाकीचं झाकण कुठं हाय?" मूळ झाकण हरवले होते. टाकीच्या तोंडावर प्लॅस्टिकचा कागद ताणून ट्यूबच्या पट्टीने घट्ट बांधला होता. मिस्त्रीने कागदाला एक भोक पाडले आणि म्हणाला, "आता न्या." ट्रॅक्टर थेट काट्यावर जाऊन थांबला.

असे का होते?

टाकीतून डिझेल जाते तेवढी जागा भरायला हवा आत यावी लागते. म्हणून झाकणाला बारीक भोक असते. ते बंद झाले की टाकीत ओढ निर्माण होते आणि डिझेल खाली उतरेनासे होते. थोडा वेळ थांबले की फटीतून हवा शिरते आणि इंजिन पुन्हा चालते. म्हणून तो दहा मिनिटांनी "आपोआप" बरा व्हायचा.

रिकामा असताना का चालायचा, हे ठिबकवाल्यांना लगेच समजेल. फिल्टर तुंबला असला तरी एकच व्हॉल्व्ह उघडला तर सगळीकडे पाणी पोहोचते. चारही उघडले की शेवटच्या नळ्या कोरड्या. इंजिनाचेही तसेच आहे. पस्तीस अश्वशक्तीचे इंजिन नुसते उभे असताना तासाला साधारण एक लिटर डिझेल खाते, पण पूर्ण ओझ्यावर त्याला तासाला आठ लिटरच्या आसपास लागते. वाट अर्धी तुंबलेली असली तरी एक लिटर सहज जाते, आठ लिटर जात नाही. म्हणून "रिकामा झकास चालतो, म्हणजे डिझेलची लाईन ठीक आहे" असे कधीही समजू नये.

आधी धूर बघा

बंद पडण्यापूर्वीच्या अर्ध्या मिनिटात इंजिन स्वतःच आपले दुखणे सांगते. ड्रायव्हरने मागे वळून नळीकडे बघण्याची सवय ठेवावी.

धूर नाही आणि इंजिन हळूहळू दम सोडत बसते : डिझेल पोहोचत नाही. टाकीपासून फीड पंपापर्यंतची वाट तपासावी.

काळा धूर ओकत बसते : डिझेल मिळते पण हवा कमी पडते, किंवा नोझल नीट फवारत नाही, किंवा ओझेच जास्त आहे.

पांढरट धूर आणि गचके : डिझेलमध्ये पाणी किंवा हवा आहे, किंवा डिझेल पुरते जळत नाही.

निळा धूर : इंजिन ऑईल जळते आहे. रिंगा आणि लायनर झिजले असतील. हे काम मिस्त्रीचेच.

पाण्याचा काटा तांबड्यात जाऊन इंजिन जड होत थांबले, तर पुन्हा पुन्हा सेल मारू नये. पिस्टन धरण्याचा धोका असतो. थंड होऊ द्यावे, आणि रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये.

टाकीपासून सुरुवात करा

पुढील क्रम स्वस्ताकडून महागाकडे जाणारा आहे. एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरीकडे जाऊ नये, आणि एका वेळी एकच वस्तू बदलावी. चार वस्तू एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

१) टाकीचे झाकण : ट्रॅक्टर बंद पडल्याबरोबर झाकण सैल करावे. "सूं" असा हवा आत ओढल्याचा आवाज आला तर चोर सापडला. भोकातील माती तारेने काढावी. झाकण हरवले असेल तर नवे आणावे, चिंधी किंवा प्लॅस्टिक बांधू नये.

२) टाकीचा तळ आणि कॉक : जुन्या टाकीत गंजाचे पोपडे, पाचटाचे तुकडे, कॅनमधून आलेली घाण साचते. ओझ्यावर ओढ वाढली की एखादा तुकडा कॉकच्या तोंडाशी येऊन बसतो आणि इंजिन बंद पडले की सुटून बाजूला होतो. म्हणून दोष येतो-जातो. टाकी वर असलेल्या ट्रॅक्टरवर कॉकखालची नळी सोडून डब्यात धार बघावी. धार मिनिटभर अखंड आली पाहिजे. सुरुवातीला जोरात आणि मग बारीक झाली, तर टाकी उतरवून धुवावी. टाकीत डिझेल फार कमी असेल तर चढावर ते एका बाजूला सरकते आणि नळीत हवा जाते, हेही ध्यानात ठेवावे.

३) वाटी आणि फिल्टर : काचेच्या वाटीत तळाशी पाणी किंवा गाळ दिसला तर काढून टाकावा. फिल्टरच्या खालचा ड्रेन बोल्ट सोडून पाणी जाऊ द्यावे. कागदी फिल्टर डिझेलने धुऊन किंवा झटकून परत बसवण्याची आपल्याकडे फार सवय आहे. कृपया तसे करू नये. कागदाच्या छिद्रात बसलेली घाण धुऊन निघत नाही, उलट कागद फाटतो आणि घाण थेट पंपात जाते. काही शे रुपयांचा फिल्टर वाचवून हजारोंचा पंप घालवण्याचा हा व्यवहार आहे.

४) हवा : फिल्टर बदलल्यावर किंवा नळी सोडल्यावर लाईनमध्ये हवा राहते. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करून फीड पंपाच्या हातदांडीने पंप मारत राहावे. फेस आणि बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल आले की स्क्रू आवळावा. मग पंपावरच्या स्क्रूचीही तीच क्रिया करावी. एकदा हवा काढूनही पुन्हा पुन्हा हवा धरत असेल, तर टाकी ते फीड पंप या भागातील चिरलेली रबरी नळी किंवा दबलेले तांब्याचे वॉशर तपासावे. या भागात गंमत अशी की डिझेल बाहेर गळतेच असे नाही, हवा मात्र आत जाते. तांब्याचा वॉशर जुनाच परत लावू नये.

५) फीड पंप : नळी सोडून इंजिन सेलवर फिरवले की फीड पंपातून जोरदार उसळ्या आल्या पाहिजेत. पडद्याचा फीड पंप असेल तर इंजिन ऑईलची पट्टीही बघावी. ऑईल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले आणि डिझेलचा वास आला, तर पडदा फाटला आहे. अशा पातळ ऑईलवर ट्रॅक्टर मुळीच चालवू नये. बेअरिंग जातील.

६) हवेची वाट : फडातला फुफाटा आणि पाचटाचा भुसा यांनी एअर क्लिनर चार दिवसांत भरतो. ऑईलचा क्लिनर असेल तर हंगामात रोज खालची वाटी उघडून बघावी. गाळ साचला असेल तर धुऊन खुणेपर्यंतच नवे ऑईल घालावे. जास्त घातले तर इंजिन ते ओढून घेते. क्लिनर काढून ट्रॅक्टर चालवणे म्हणजे लायनरला वाळू घासणे.

७) रेसची दांडी : इंजिन बंद ठेवून एकाने हातरेस पूर्ण ओढावी आणि दुसऱ्याने पंपावरची दांडी शेवटच्या स्क्रूला टेकते का ते बघावे. सांधे झिजले असतील तर इथे पूर्ण रेस आणि तिथे पाऊण, असे होते. मग ओझ्याला पंप पुरेसे डिझेल सोडणार कसा?

८) खुद्द ओझे : ट्रॉलीचे ब्रेक चिकटलेले, बेअरिंग कोरडे किंवा टायरमध्ये हवा कमी असेल, तर इंजिनाचा दोष नसताना इंजिन बसते. दोन किलोमीटर गेल्यावर थांबून चाकाच्या ड्रमजवळ हात न्यावा. एकच ड्रम तापलेला असेल तर दोष तिथेच आहे. आणि एक अप्रिय गोष्ट : पस्तीसच्या ट्रॅक्टरला पन्नासच्या ट्रॅक्टरचा भार लावून इंजिनाला दोष देणे बरोबर नाही. एक खेप वाचवण्याच्या नादात सगळा हंगाम हातचा जातो.

यानंतरच पंप आणि नोझल

वरच्या आठ गोष्टी ठीक असूनही ट्रॅक्टर ओढत नसेल, तर टॅपेटचे अंतर, नोझल, पंप आणि कॉम्प्रेशन ही कामे जाणत्या माणसाकडे द्यावीत. पंप आणि नोझल चाचणीच्या यंत्रावर लावून मगच खोलायला सांगावे. पंपाचे सील घरी तोडून स्क्रू फिरवू नये. डिझेल वाढते, काळा धूर वाढतो, ताकद मात्र वाढत नाही. चालू नोझलच्या फवाऱ्यापुढे बोट कधीही धरू नये. त्या दाबाचे डिझेल कातडी फोडून आत शिरते. असे झाले तर जखम लहान दिसली तरी तडक दवाखाना गाठावा.

हे सगळे जुन्या, साध्या पंपाच्या ट्रॅक्टरविषयी आहे. २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागू झाले. कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनांना घरी पाना लावू नये.

चढावर बंद पडला तर

ट्रॅक्टर आधी, दोष नंतर. ब्रेकची दोन्ही पेडल जोडलेली असावीत. ब्रेक दाबून, गिअरमध्ये ठेवून, दोन्ही ट्रॉल्यांच्या चाकांमागे लाकडी ठोकळे लावावेत. ठोकळे ट्रॉलीतच कायम ठेवावेत, म्हणजे काळोखात दगड शोधावा लागत नाही. दगड लावलाच तर निघताना तो रस्त्यावर सोडून जाऊ नये, मागून येणारा मोटारसायकलवाला आपल्याच गावचा असतो. मागच्या ट्रॉलीला लाल परावर्तक असल्याशिवाय रात्रीची खेप करू नये.

ऊस तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा, असे आम्ही नेहमी सांगतो. वाळलेल्या उसाने सभासदाचे वजन घटते आणि कारखान्याचा उतारा घटतो. वर्षभर खत-पाणी घालून कमावलेला ऊस झाकणाच्या भोकापायी रस्त्यावर वाळावा, हे काही बरे नव्हे. तेव्हा हंगामापूर्वी टाकी धुवावी, दोन्ही फिल्टर बदलावेत, एक जादा फिल्टर आणि पाच-सहा तांब्याचे वॉशर टूलबॉक्समध्ये ठेवावेत. डिझेल गाळून भरावे आणि संध्याकाळीच टाकी भरून ठेवावी, म्हणजे रात्रीच्या गारव्याने आत पाणी धरत नाही.

त्या सभासदांनी आता नवे झाकण बसवले आहे, साखळी लावून. परवा गट ऑफिसात भेटले तेव्हा हसून म्हणाले, "साहेब, पंपाच्या बिलात अशी किती झाकणं आली असती?" मी म्हटले, "आबा, हिशोब करू नका, बाकीच्यांना सांगा." त्यांनी होकार दिला, म्हणूनच हे लिहिले.

आपला,
ऊस विकास अधिकारी