उसाच्या फडातली पहाटेची थंडी

बीड जिल्ह्यातील सिंदफणाकाठच्या शिरूर कासार तालुक्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. थंड रात्रींमुळे उसात साखर चांगली भरते, म्हणून गाळपाचा मुख्य हंगाम हिवाळ्यात येतो. साहजिकच ज्या गारठ्याने कारखान्याचा साखर उतारा वाढतो, त्याच गारठ्यात तोडणीवाल्यांना पहाटेच्या अंधारात फडात उतरावे लागते.

फडातल्या थंडीत हिमदंश, म्हणजे शरीराचा भाग गोठून होणारी इजा, होत नाही, आणि बहुधा त्यामुळेच या थंडीला कामाचा धोका म्हणून कोणी गणत नाही. परंतु शरीराचे सुमारे ३७ अंश सेल्सिअस असलेले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की शीतबाधा सुरू होते, आणि कपडे ओले असून वारा सुटलेला असल्यास ती हवेचे तापमान शून्याच्या बरेच वर असतानाही होऊ शकते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. उसाच्या पाल्यावरील दवाने किंवा नुकत्याच पाणी दिलेल्या सरीतील चिखलाने भिजलेला मजूर म्हणूनच कोरड्या मजुरापेक्षा फार लवकर गारठतो.

मात्र शीतबाधेच्या कितीतरी आधी धोका हातांना असतो. शरीराच्या मध्यभागाची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, बोटे बधिर होतात, मूठ सैल पडते, आणि धारदार कोयता नेमका अशाच हातात असतो. सुती कपडा भिजला की ऊब धरत नाही, तेव्हा लोकरी किंवा जाड कपड्यांचे दोन-तीन थर, कानटोपी, बूट आणि बदलण्यासाठी कोरडा जोड जवळ असणे आवश्यक ठरते. दव ओसरल्यावर तोडणी सुरू करणे हा सर्वांत साधा उपाय खरा, पण कामाची वेळ कारखान्याच्या वाहनावर आणि मुकादमाच्या तगाद्यावर ठरत असल्याने तो मजुराच्या हाती क्वचितच असतो.

हुडहुडी भरलेला माणूस अडखळत बोलू लागला किंवा गोंधळला, तर त्याला आडोशाला नेऊन ओले कपडे काढावेत, कोरड्या घोंगडीत गुंडाळावे, शुद्धीवर असल्यास गरम गोड चहा द्यावा आणि दवाखान्यात हलवावे. हातपाय जोराने चोळू नयेत. दारूने अंगात ऊब येते हा निव्वळ भास असतो, कारण तिच्यामुळे त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून उलट उष्णता बाहेर पडते. रात्री ताडपत्रीने बंद केलेल्या कोपीत, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत, पेटती शेगडी ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला विषारी वायू साचतो आणि झोपलेल्यांना जाग येण्यापूर्वीच त्यांचा जीव घेऊ शकतो, त्यामुळे शेकणे कोपीबाहेर, पाचटापासून दूर व्हावे आणि निजण्यापूर्वी विस्तव पूर्ण विझवावा.