बीजिंगचे गुडघे, बीजिंगचे खुबे

बीजिंगमधल्या साठी ओलांडलेल्या लोकांच्या गुडघ्यांचे, खुब्यांचे आणि हातांचे एक्स-रे काढून संशोधकांनी ते अमेरिकेतल्या लोकांच्या एक्स-रेंशी ताडून पाहिले. या शतकाच्या सुरुवातीला निष्कर्ष बाहेर येऊ लागले, ते चक्रावून टाकणारे होते. बीजिंगच्या बायका अंगाने सडपातळ, तरी त्यांच्या गुडघ्यांची झीज फ्रॅमिंगहॅम गावच्या अमेरिकी बायकांपेक्षा जास्त निघाली. खुब्यांचं नेमकं उलट. तिथली झीज गोऱ्या अमेरिकनांच्या तुलनेत ८० ते ९० टक्क्यांनी कमी.

गुडघ्यांच्या कोड्याचा एक धागा उकिडवं बसण्यापाशी जाऊन पोचला. पंचविशीत असताना रोज किती वेळ उकिडवे बसायचात, असं त्या वृद्धांना विचारलं होतं. रोज तासभर किंवा त्याहून जास्त, असं बहुसंख्य बायकांनी सांगितलं. पुरुषांमध्ये हे प्रमाण बरंच कमी होतं. जे रोज कित्येक तास त्या बैठकीत काढत, त्यांच्या गुडघ्यांत झीज अधिक होती. याच लोकांच्या हातांचे एक्स-रे पाहिले, तर चॉपस्टिक्स धरणाऱ्या हाताच्या अंगठ्यात आणि शेजारच्या दोन बोटांतल्या ठरावीक सांध्यांतही थोडी जास्त झीज सापडली. आयुष्यभराची सवय हाडांपर्यंत जाते, ती अशी.

याचा अर्थ उकिडवं बसणं वाईट, असा कुणी घेऊ नये. खुरपणीची पात धरून दिवस दिवस बसणाऱ्या बायकांनी, धुणंभांडी करणाऱ्यांनी बुटकं स्टूल घ्यावं, मधूनमधून उठून चार पावलं चालावं, एवढाच त्यातून घेण्यासारखा बोध. सांध्याला एकाच कोनात तासन्‌तास अडकवून ठेवलं की ते त्याला सोसत नाही.

चिनी वैद्यकाने सांधेदुखीकडे वेगळ्या वाटेने पाहिलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘हुआंगदी नेइचिंग’ या ग्रंथात तिच्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. वारा, थंडी आणि ओल शरीरात शिरून वाहत्या गोष्टी अडवतात आणि म्हणून दुखतं, अशी ती मांडणी. म्हणूनच आजही चिनी घरांत गुडघे उघडे ठेवणाऱ्या तरुणांना म्हातारी माणसं टोकतात आणि रात्री झोपण्याआधी गरम पाण्यात पाय बुडवून बसतात. ही सवय खुशाल उचलावी. उबेने कूर्चेची, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गादीची, झीज थांबत नाही, पण आखडलेला सांधा सैल होतो आणि सैल सांधा दुसऱ्या दिवशी हलायला तयार असतो.

वनस्पतींच्या बाबतीत मात्र हात आखडता घेतलेला बरा. ‘लेइ गाँग थंग’ नावाची एक चिनी वेल आहे. बीजिंगच्या पेकिंग युनियन मेडिकल कॉलेज रुग्णालयाच्या पुढाकाराने आमवाताच्या २०७ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. २४ आठवड्यांनी या वेलीचा अर्क मेथोट्रेक्सेट या नेहमीच्या औषधाच्या तोडीस तोड ठरला. म्हणजे वनस्पतीत दम आहे. पण तीच वेल पाळी बंद पाडू शकते, पुरुषांच्या जननक्षमतेवर घाला घालते आणि तिची पानं तर विषारीच.

बचनागाच्या जातीची मुळंही चीनमध्ये सांधेदुखीवर देतात. ती नीट उकळली नाहीत तर हृदयाचे ठोके बिघडतात. आयुर्वेदातही बचनाग शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत. बेल्जियममध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वजन उतरवण्याच्या गोळ्यांत ‘हान फांग ची’ऐवजी नावाने जवळची ‘ग्वांग फांग ची’ गेली आणि अनेक बायकांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली. ही हान फांग ची चिनी वैद्य सांधेदुखीवर देतात. तेव्हा घटकांची नावं नसलेली, दोन दिवसांत चमत्कार करणारी ‘चायनीज जडीबुटी’ दिसली, तर आत स्टेरॉइड असल्याचा संशय घ्यावा आणि पुडी परत करावी.

सुयांचं काय? सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातले डॉ. बसू पुढे अॅक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते कलकत्त्यात आणलं. जर्मनीत हजारभर रुग्णांच्या गुडघेदुखीवर झालेल्या २००६च्या चाचणीत सुयांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त आराम पडला. मात्र पारंपरिक बिंदू सोडून भलतीकडे टोचलेल्या सुयांनीही तेवढाच. दुखणं थोडं हलकं करायला हा मार्ग ठीक आहे, दुखणं टाळायला नाही.

टाळायचं असेल तर चिनी परंपरेतली सर्वांत मोलाची गोष्ट फुकट मिळते, ती म्हणजे हालचाल. छांगशाजवळच्या मावांगदुई इथे इ.स.पू. १६८ मधल्या थडग्यातून चित्र रंगवलेलं एक रेशमी कापड निघालं. त्यावर व्यायाम करणाऱ्या ४४ स्त्री-पुरुषांच्या आकृत्या आहेत आणि त्यांतल्या एकीखाली गुडघेदुखीसाठी असं चक्क लिहिलेलं आहे! याच धारेत पुढे हनान प्रांतातल्या चेन्जियागौ गावात ताई ची ही संथ हालचालींची व्यायामपद्धती वाढली. १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने सर्वसामान्यांसाठी तिचा २४ हालचालींचा सोपा क्रम बसवला. सहा मिनिटांत संपतो.

त्यातलं एक पाऊल जवळून पाहण्यासारखं आहे. डावा पाय पुढे टाकायचा, पण रिकामा. सगळं वजन अजून उजव्या पायावर, उजवा गुडघा किंचित वाकलेला, पावलाच्या रेषेत, आत न कललेला. डावी टाच टेकते, मग तळवा, मग बोटं. त्यानंतर एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतावं तसं वजन सावकाश डावीकडे जातं. झटका कुठेच नाही. या संथपणामुळे मांडीच्या पुढच्या स्नायूंना भरपूर काम पडतं आणि गुडघा सांभाळायचा तो याच स्नायूंनी. शिवाय कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. दाब पडतो, सुटतो, तेव्हाच सांध्यातला द्रव तिच्यात आत-बाहेर होतो आणि तिचं पोषण होतं.

बॉस्टनच्या टफ्ट्स मेडिकल सेंटरने गुडघे झिजलेल्या २०४ जणांना ताई ची किंवा फिजिओथेरपी दिली. २०१६ साली निकाल आला: दुखणं दोन्हीकडे सारखंच उतरलं, उदासी मात्र ताई ची करणाऱ्यांची अधिक कमी झाली. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्या-खुब्यांसाठी ताई चीची ठाम शिफारस केली. त्याच सूचनांनी गुडघ्यांसाठी ग्लुकोसामाइनच्या गोळ्या नकोत, असंही तितक्याच ठामपणे म्हटलं. आपल्याकडे किती घरांत या गोळ्यांवर दरमहा पैसे जातात!

जोडीला पोट सत्तर टक्केच भरावं, हा चिनी वडीलधाऱ्यांचा सल्ला. वजन १ किलोने उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी घटतो. फ्रॅमिंगहॅममध्ये दहा वर्षांत पाचेक किलो वजन उतरवलेल्या बायकांना गुडघेदुखी जडण्याची शक्यता निम्म्याहून कमी झाली होती.

सुरुवात घरातच, ओट्याला हात टेकून करता येते: वजन एका पायावरून दुसऱ्यावर, सावकाश, गुडघा दुखणार नाही इतकाच वाकवून. तोल जात असेल त्यांनी खुर्चीत बसून करावं. सांधा लाल, गरम आणि सुजलेला असेल किंवा सकाळचा आखडलेपणा तासाभरानेही सुटत नसेल, तर व्यायाम बाजूला ठेवून आधी संधिवाततज्ज्ञाला दाखवावं. तो आमवात असू शकतो आणि त्याचं औषध पहिल्या काही महिन्यांत सुरू झालं, तर बोटं वाकडी होण्यापासून वाचवता येतात.